खाली नाव ताईंचं होतं

कुमुदताई गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात एका प्रशिक्षण वर्गात शिकवत होतो. स्वयंसेवी संस्थांमधली तरुण मुलंमुली समोर होती आणि विषय होता मूल्यमापन. एखाद्या संस्थेनं केलेल्या कामाचा लोकांना खरोखर काही उपयोग झाला का, हे त्रयस्थपणे जाऊन तपासायचं काम. चहाच्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी मृणाल, कुमुदमावशीची भाची. मावशी आज पहाटे गेली. तिच्या डायरीत तुमचा नंबर होता, म्हणून..." पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. दुपारी पनवेललाच सगळं आटोपणार आहेत, एवढं समजलं. लगेच निघालो असतो तर पोचलो असतो. मी निघालो नाही. कप खाली ठेवला, वर्गात गेलो आणि उरलेला तास घेतला. त्या तासात मी मुलांना सांगितलं की गावात गेल्यावर पहिल्या दिवशी प्रश्नावली पिशवीतून बाहेर काढायचीच नाही. नुसतं बसायचं. कोण कुठून पाणी आणतं, कोणाच्या दाराशी कोण थांबतं, ते बघायचं. एका मुलीनं हात वर केला. "सर, ही पद्धत कुणाची?" मी म्हणालो, "अनुभवातून आलेली आहे."

कुणाच्या अनुभवातून, ते मी सांगितलं नाही. त्यांचा देह अजून घरात होता, आणि मी त्यांचं नाव घेतलं नाही. हा लेख लिहायला मला पाच आठवडे लागले ते यामुळेच.

ताईंना ओळखणारी माणसं पनवेलमध्ये बरीच आहेत, पण त्या नक्की काय काम करायच्या हे फार थोड्यांना माहीत असेल. मुंबईतल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी उमेदवारी केली, मग वडिलांच्या आजारपणात पनवेलला आल्या त्या इथल्याच झाल्या. तलावाजवळच्या दोन खोल्यांच्या घरातून त्यांनी वीसेक वर्षं रायगडभरच्या संस्थांचं काम तपासलं. मोडकळीला आलेली गावं, उठवलेल्या वस्त्या पुन्हा उभ्या राहतात का, कशानं राहतात, कशानं राहत नाहीत, हा त्यांचा ध्यास. शेजारच्या काकूंना वाटायचं, ताई शाळेचे पेपर तपासतात. "किती गठ्ठे आले हो या खेपेला?" असं त्या विचारायच्या आणि ताई मजेत सांगायच्या, "दोन. एक पास, एक नापास."

मी त्यांच्याकडे आलो तेव्हा नुकताच समाजकार्याची पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. सुरुवातीलाच त्या मला नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कातकरी वाडीवर घेऊन गेल्या. एका संस्थेनं तिथे घरोघर बिनधुराच्या चुली बसवल्या होत्या. संस्थेचे कार्यकर्ते उत्साहानं आम्हाला चुली दाखवत होते. चुली अशा लखलखीत की फोटो काढावा. मी वहीत 'देखभाल उत्तम' असं लिहिलं. ताई वाकल्या, चुलीच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि ते मला दाखवलं. बोट कोरं होतं. "अविनाश, स्वयंपाकाची चूल इतकी गोरी कशी?" एवढंच म्हणाल्या. मग त्या तिथेच बसून राहिल्या, दुपारपर्यंत. कार्यकर्ते कंटाळून गेल्यावर घरातली बाई हसली आणि तिनं मागच्या पडवीत तीन दगडांवर भात चढवला. तिचं पातेलं मोठं होतं, नव्या चुलीच्या तोंडावर ते बसतच नव्हतं. ताईंनी अहवालात चूल वाईट असं कुठेही लिहिलं नाही. पातेल्याचं माप लिहिलं. पुढच्या वर्षी संस्थेनं तोंड मोठं केलं आणि चुली काळ्या झाल्या. त्या काळ्या चुली बघायला ताई मला मुद्दाम पुन्हा घेऊन गेल्या, जत्रेला न्यावं तशा.

चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. हाताखाली हा शब्द त्यांना आवडला नसता. दुपारचं जेवण त्यांच्याकडेच असायचं, आणि भाजीत मीठ कमी पडलं तर तेही 'निष्कर्ष' म्हणून सांगायची मुभा होती. माझे वडील इस्पितळात होते तेव्हा माझ्या वाट्याची सहा गावं त्या फिरल्या आणि त्या टिपणांवर माझं नाव घालून त्यांनी ती संस्थेला दिली. मी संकोचून काही बोलायला गेलो तर म्हणाल्या, "तू आधी बाबांचं बघ." या गोष्टीची आठवण मी पुढे अनेक वर्षं स्वतःला होऊ दिली नाही.

मग मला एका मोठ्या संस्थेत नोकरी लागली. खाडीकाठच्या एका कोळीवाड्याचा प्रकल्प माझ्याकडे आला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांना ते कळेलच. भराव टाकून टाकून खाडी आक्रसली होती, जाळ्यात निवट्या आणि चिंबोऱ्या मिळेनाशा झाल्या होत्या, पुरुष कळंबोलीच्या लोखंड बाजारात हमालीला जाऊ लागले होते. घर चालायचं ते बायकांच्या मासळीवर. उरणजवळच्या मोरा बंदराच्या धक्क्यावरून त्या मासळी आणायच्या आणि संध्याकाळी हमरस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसायच्या. आम्ही त्यांना बर्फाच्या पेट्या दिल्या आणि विक्रीसाठी एक देखणी शेड बांधली. टाइल्सचे ओटे, नळ, वर पत्रा. फक्त ती बांधली गावाच्या मागच्या बाजूला, खाडीच्या अंगाला, कारण तिथे जागा मिळाली. उद्घाटनाच्या दिवशी मी बायकांना आग्रहानं ओट्यांवर बसवलं, फोटो निघाले, आणि दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर परत गेल्या. हे मला माहीत होतं.

पहिला टप्पा संपला तेव्हा मूल्यमापनाला मीच कुमुदताईंचं नाव सुचवलं. माणसं इतकी मूर्ख कशी असतात याचं मला आता आश्चर्य वाटतं. मला वाटलं होतं, ताई आपल्याच आहेत. ताई आल्या, तीन संध्याकाळी रस्त्याच्या कडेला बसल्या आणि तीन संध्याकाळी रिकाम्या शेडमध्ये. हिराबाई म्हणून तिथली एक जाणती कोळीण आहे, बोलायला फटकळ. तिनं त्यांना सांगितलं, "गिऱ्हाईक कामावरून सुटून रस्त्यानं घरी जातं. त्याची पिशवी रस्त्यावरच भरते. मागं खाडीवर कोन येतंय? आमी काय खेकड्यांना मासं विकू?" ताईंनी ते वाक्य जसंच्या तसं अहवालात घातलं. बर्फाच्या पेट्यांचं कौतुक केलं, अगदी मन लावून केलं. मासळी फुकट जाणं कसं थांबलं, बायकांना भाव धरून ठेवणं कसं जमू लागलं, सगळं लिहिलं. आणि शेडबद्दल लिहिलं की ती वापरात नाही, येण्याची शक्यताही नाही, बायकांना रस्त्यालगतची जागाच कायदेशीर मिळवून द्यावी.

आमचे अध्यक्ष म्हणाले, "असं गेलं तर दुसरा टप्पा विसरा." ऑफिसात आम्ही अकरा जण होतो. पण त्या अकरांची ढाल आज मला पुढे करायची नाही. दुसरा टप्पा मिळाला की मी संचालक होणार होतो, हे खरं कारण. एका दुपारी मी संगणकावर अहवाल उघडला. शेडवरचं प्रकरण काढून टाकलं. पेट्यांबद्दलचे परिच्छेद उचलून 'मच्छी विक्री केंद्र' या मथळ्याखाली ठेवले. 'वापर नियमित व समाधानकारक आहे' हे ताईंचंच वाक्य, पेट्यांसाठी लिहिलेलं, आता शेडला लागलं. मी स्वतःचा एक शब्दही घातला नाही, म्हणून मी काही खोटं लिहिलं असं मला त्या दुपारी वाटलं नाही. खाली ताईंचं नाव तसंच राहिलं. चहाच्या आधी काम झालं होतं.

दुसरा टप्पा मंजूर झाला. मी संचालक झालो. अहवालाच्या छापील प्रती सगळीकडे गेल्या, ताईंना मात्र गेली नाही. मी पाठवलीच नाही.

वर्षभरानं त्या भागाचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयानं रस्त्यावर बसणाऱ्या कोळणींना उठवायला सुरुवात केली. हातगाडीवाले, भाजीवाले यांच्याबरोबर त्याही उठल्या. बायका ताईंकडे गेल्या, कारण शहाणं, लिहितंवाचतं असं त्यांना तेच एक दार माहीत होतं. ताई त्यांना घेऊन त्या कार्यालयात आल्या आणि प्रकल्प आमचा म्हणून मलाही बोलावणं आलं. त्यांना तिथे पाहिल्यावर मी दारातच थांबलो. त्या मात्र हसल्या. "बरं झालं आलास. तू सांग यांना."

अधिकाऱ्यानं फाइलमधून छापील अहवाल काढला. "बाई, तुमच्याच अहवालात आहे. विक्री केंद्राचा वापर नियमित व समाधानकारक. खाली नाव तुमचं. मग यांना रस्ता कशाला हवा?"

ताईंनी चष्मा लावला. ते पान वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. "हे वाक्य मी बर्फाच्या पेट्यांबद्दल लिहिलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या, "आणि शेडचं प्रकरण यात नाहीच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखादं पोर पाठ केलेली कविता म्हणता म्हणता अडलं की बाई त्याच्याकडे पाहतात ना, पुढचा शब्द त्याला येतोय हे माहीत असल्यासारखं, तसं पाहत होत्या.

"काय हो अविनाशराव?" अधिकाऱ्यानं विचारलं.

मी म्हणालो, "अंतिम मसुदा सर्वांच्या संमतीनं ठरला होता. ताईंना कदाचित आता आठवत नसेल."

झालं. एवढंच बोललो. ताईंनी चष्मा काढला आणि तो डबीत घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

बायका आधी बाहेर पडल्या. मी जिन्याच्या वळणावर थांबून राहिलो, त्या सगळ्या जाईपर्यंत. खालून हिराबाईचा आवाज येत होता. "ताई, तुमी आमच्या वट्यावर बसून च्या प्यायला. आन आमच्याच पोटावर असं लिवलं?" ताई म्हणाल्या, "मी असं लिहिलं नव्हतं, हिराबाई. पण नाव माझं आहे. छापून काय आलं ते मी मागून घेऊन बघायला हवं होतं. ती माझी चूक." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. दोन जिने उतरलो असतो तर अजूनही वेळ होती...

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या ऑफिसात आल्या. बसल्या नाहीत. "तू बदललंस?" मी अध्यक्षांचं सांगितलं, अकरा नोकऱ्यांचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मला विचारायचं होतंस. मी नाही म्हटलं असतं, एवढंच झालं असतं. आता एक पत्र लिहून दे त्या कार्यालयाला. त्या बायकांचं संध्याकाळचं काम बंद पडलंय." मी म्हणालो, बघतो, अध्यक्षांशी बोलतो. त्या गेल्या. मी बोललो नाही. पुढे त्यांनी स्वतःच कार्यालयाला लिहिलं, कार्यालयानं आमच्याकडे विचारणा केली आणि अहवाल अंतिम असून त्यात बदल संभवत नाही, असं उत्तर माझ्या सहीनं गेलं.

याहून वाईट एक गोष्ट आहे. ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. नंतरच्या काळात दोन-तीन संस्थांनी मला सहज विचारलं, कुमुदताईंना काम द्यावं का? मी वाईट काही बोललो नाही. "खूप मोठं काम आहे त्यांचं... अलीकडे जरा विसरायला होतं त्यांना." काळजीच्या सुरात म्हणालो. त्यांची कामं आटली. घरी कॉलेजच्या मुलांना त्या संख्याशास्त्र शिकवू लागल्या. शेजारच्या काकूंचं म्हणणं शेवटी खरं झालं, ताई पेपर तपासू लागल्या.

पण दर आठवड्याला त्या कोळीवाड्यात जात राहिल्या. कुणी नेमलं नव्हतं, कुणी अहवाल मागितला नव्हता. हे मला फार नंतर कळलं. पहिले काही महिने बायका त्यांच्याशी बोलतही नसत. त्या जाऊन हिराबाईच्या वट्याच्या कडेला बसत आणि संध्याकाळी परत येत. किती खपेल म्हणून किती मासळी आणली, त्यातली किती परत गेली, कोणत्या बाईनं धंदा सोडून कुणाच्या घरची भांडी धरली, हे सगळं त्या लिहीत गेल्या. तीन-चार वर्षांच्या त्या नोंदी घेऊन बायकांसह त्या कार्यालयाच्या पायऱ्या चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. शेवटी रस्त्याकडेची पट्टी संध्याकाळपुरती बायकांना मिळाली. परवानगी एका वर्षाची, दर वर्षी नव्यानं घ्यायची. स्थानिक वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली होती. त्यात ताईंचं नाव नव्हतं. मी ती बातमी वाचली, घडी घातली आणि कामाला लागलो.

शेवटची भेट पनवेलच्या एस.टी. स्टँडवर झाली, त्या जाण्याच्या वर्षभर आधी. मी वळून जाणार होतो, पण त्यांनी पाहिलं. खूप वाळल्या होत्या. "कसा आहेस? आई बऱ्या आहेत?" मी रहदारीबद्दल बोललो, उड्डाणपुलाच्या कामाबद्दल बोललो. त्या ऐकत होत्या. मध्येच मी थांबलो की त्याही थांबायच्या, काही न बोलता, माझ्यासाठी जागा ठेवल्यासारख्या. त्यांची उरणची गाडी लागली. "ये कधी घरी," त्या म्हणाल्या, "दुपारी मी असतेच." मी येतो म्हणालो. त्यानंतर किती दुपारी मी त्यांच्या गल्लीच्या तोंडावरून गाडी पुढे काढली, ते मला माहीत आहे.

ताई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी मृणालला भेटायला गेलो. तिनं चहा केला. मावशी तुमच्याबद्दल चांगलंच बोलायची, म्हणाली. "म्हणायची, अविनाशची नजर चांगली आहे, त्याला लगेच दिसतं." मला तो चहा संपवता आला नाही. तिथून मी कोळीवाड्यात गेलो. संध्याकाळची वेळ होती, पण रस्त्याच्या कडेला एकही पाटी नव्हती. हिराबाई घरासमोर कोयतीवर मांदेली साफ करत बसली होती. केस पार पांढरे झालेत. मी नाव सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"वळखलं," म्हणाली.

मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. तो अहवाल ताईंनी लिहिला नव्हता, मी बदलला होता, त्या दिवशी कार्यालयात मी खोटं बोललो होतो. तिची कोयती चालूच होती.

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "आमी काय येडं नाय. मी इचारलं ताईला, त्यानंच केलं ना? तर बोलली, त्याचं तो येऊन सांगेल. मी नाय सांगनार." मग म्हणाली, "लय वर्सं लावली तू."

मी खाली बसलो. मला वाटतं, मी रडलो. तिनं मला रडू दिलं, समजूत घातली नाही. मग हात धुऊन आत गेली आणि कार्यालयाचा एक कागद घेऊन आली. नवीन अधिकारी आलाय, म्हणाली. त्यानं जुनी फाइल काढली, तोच अहवाल काढला, आणि यंदाची परवानगी अडवून ठेवली. दर वेळी ताई जाऊन भांडायची. आता ताई नाय. "रडून काय व्हनार? लिवून दे."

मी बॅगेतून कागद काढला आणि तिच्या वट्यावर बसून लिहिलं. इतक्या वर्षांची सवय, पत्र झरझर झालं. घडी घालणार तेवढ्यात ती म्हणाली, "वाच." मी तिच्याकडे पाहिलं. "ताई आमचं काय बी लिवलं की वाचून दावायची. नाय वाचलं तर आमी अंगठा देत नसू. वाच."

शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसल्या. मी वाचू लागलो. "सदर अहवालाच्या अंतिम प्रतीत काही बदल करण्यात आले होते..."

"थांब," हिराबाई म्हणाली. "करन्यात आले म्हंजे? कोनी केले?"

मी ते वाक्य खोडलं. त्याच्यावर लिहिलं, 'हे बदल मी केले.' पुन्हा वाचलं. पुढे 'गैरसमज निर्माण झाला' असं होतं, त्यावर तिनं पुन्हा थांबवलं. गैरसमज कुणाचा नव्हता, सगळ्यांना सगळं समजलं होतं. ते खोडून 'मी खोटं बोललो' असं लिहिलं. ताईंबद्दल मी 'दिवंगत' असं लिहिलं होतं, तो शब्द तिला कळला नाही. सांगितल्यावर म्हणाली, ते र्‍हाऊ दे, पन त्यांनी खरं लिवलं व्हतं ते आधी घाल. तेही घातलं. कागदावर खाडाखोड फार झाली म्हणून दुसरा घेतला आणि सगळं नव्यानं उतरवलं. त्या पत्रात जे कबूल केलं, तेच मी या लेखातही लिहिलं आहे. ज्या संस्थांना मी ताईंबद्दल 'विसरायला होतं' असं सांगितलं, त्यांच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी हे वाचावं: ताईंना शेवटपर्यंत सगळं आठवत होतं.

सही करायला पेन टेकवलं तर हिराबाईनं हात आडवा धरला.

"आजून एकदा," ती म्हणाली. "ताई दोनदा वाचायची."

रस्त्यावरून कळंबोलीकडे जाणारे ट्रक धडधडत होते. पलीकडच्या वट्यावरच्या बायकांनीही आता हातातलं काम थांबवलं होतं. त्यांनाही ऐकू जावं म्हणून मी उभा राहिलो आणि पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, वाचायला लागलो.